गिटच्या ऐंशी वर्षं आधी पुण्यात ‘डिफ’ काढणारा माणूस: विष्णु सीताराम सुकथनकर

गिट शिकवायला बसलं की पहिला प्रश्न हमखास येतो. एवढी भानगड कशाला? फाइलची कॉपी करायची, नावापुढे तारीख टाकायची, झालं की! एकटा माणूस असेल आणि काम आठवड्याभराचं असेल, तर खरंच झालं. पण दहा-पंधरा जण असतील, काम वर्षानुवर्षं चालणार असेल, प्रत्येकाच्या हातातली प्रत थोडी थोडी वेगळी असेल आणि शेवटी त्यातून एकच छापायची असेल, तर? पीएचडी करणाऱ्या मित्रमंडळींना हे समजावताना मी आता कॉम्प्युटरचं उदाहरण देत नाही. महाभारताचं देतो.

महाभारत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टीव्हीवरची मालिका येते, नाहीतर आजीकडून ऐकलेली गोष्ट. पण शंभर वर्षांपूर्वी पुण्यात काही लोक एका वेगळ्याच प्रश्नाशी झगडत होते: महाभारत म्हणजे नेमकं कुठलं? काश्मीरमध्ये भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेलं? केरळात ताडपत्रावर मल्याळम लिपीत लिहिलेलं? बंगालातलं, नेपाळातलं, तंजावरचं? सगळ्यांत कौरव-पांडव आहेतच, पण श्लोक जुळत नाहीत, अध्याय जुळत नाहीत, काही प्रसंग एकात आहेत तर दुसऱ्यात नाहीत. आजच्या भाषेत सांगायचं तर शेकडो फोर्क झालेली रेपॉझिटरी, आणि कमिट हिस्ट्री शून्य.

ही गुंतागुंत सोडवण्याची पद्धत ज्यांनी बसवली ते विष्णु सीताराम सुकथनकर. जन्म ४ मे १८८७. संस्कृतच्या अभ्यासकांत त्यांचं नाव जगभर घेतलं जातं. आपल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना मात्र ते माहीत नसतं, आणि खरं तर ते आपल्यालाच जास्त जवळचे वाटायला हवेत. कारण सुकथनकर आधी गणिताचे विद्यार्थी होते.

गणितातून व्याकरणाकडे

मुंबईत शिक्षण झाल्यावर ते केंब्रिजला गेले आणि सेंट जॉन्स कॉलेजात गणित शिकले. तिथून बॅरिस्टर किंवा आयसीएस होणं हा त्या काळचा सरळ रस्ता होता. सुकथनकर गेले बर्लिनला, संस्कृत शिकायला. तिथे हाइनरिश लुडर्स हे त्यांचे गुरू. लुडर्स म्हणजे जुन्या हस्तलिखितांचा आणि शिलालेखांचा बारकाईने अभ्यास करणारा माणूस. सुकथनकरांनी डॉक्टरेट केली ती शाकटायनाच्या व्याकरणावर. गणितात रमलेल्या माणसाला संस्कृत व्याकरण आवडावं यात मला काही नवल वाटत नाही. व्याकरण हीसुद्धा नियमांची यंत्रणाच आहे. इनपुट द्या, नियम लावा, आउटपुट तपासा.

भारतात परतल्यावर काही वर्षं ते पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागात होते. तिथे त्यांनी ताम्रपट आणि शिलालेख वाचून प्रसिद्ध केले. त्यातला एक आपल्या विदर्भातला आहे: चंद्रपूर जिल्ह्यातल्या भांदकचा राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा ताम्रपट, शके ६९४ चा, म्हणजे इसवी सन ७७२ चा. भंडाऱ्याहून भांदक काही फार लांब नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

ताम्रपटाचं एक बरं असतं. तांब्यावर एकदा कोरलं की कोरलं. हजार वर्षांनी जमिनीतून निघाला तरी मजकूर तोच. पोथीचं तसं नाही. पोथी जुनी झाली, वाळवी लागली, पानं तुटू लागली की कोणीतरी तिची नक्कल करतो, आणि नक्कल करताना काहीतरी बदलतंच. कधी डोळा एका ओळीवरून दुसरीवर घसरतो. कधी अवघड शब्द समजत नाही म्हणून सोपा घातला जातो. कधी समासात कोणी लिहिलेली टीप पुढच्या नकलेत मूळ मजकुरात शिरते. सुकथनकर ताम्रपटांकडून पोथ्यांकडे आले आणि त्यांच्यासमोरचा प्रश्नच बदलला.

मधल्या काळात ते अमेरिकेत होते. भासाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या नाटकांवर त्यांनी तिथे बरंच लिहिलं. ती नाटकं १९१२ च्या सुमारास त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध झाली होती आणि ती खरंच भासाची का, यावर विद्वानांत जोरात वाद चालू होता. सुकथनकरांनी घाईने बाजू घेतली नाही. भाषेतले, छंदातले, प्राकृतातले पुरावे एकेक करून मांडत गेले. पुढच्या कामाची ही तालीमच म्हणायची.

रखडलेला प्रोजेक्ट

महाभारताची सगळ्या पोथ्या पडताळून तयार केलेली आवृत्ती हवी, हे स्वप्न काही पुण्यात पहिल्यांदा पडलं नव्हतं. १८९७ मध्ये पॅरिसला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत मोरिझ विंटरनित्झ यांनी ही मागणी मांडली होती. युरोपातल्या अकादमींनी काम हातात घेतलं, १९०८ मध्ये नमुन्याची काही पानंही छापली. ती तयार केली होती लुडर्स यांनी, म्हणजे आपल्या सुकथनकरांच्या गुरूंनी. मग पहिलं महायुद्ध आलं आणि प्रोजेक्ट तिथेच बंद पडला.

६ जुलै १९१७ ला पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था सुरू झाली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या कामासाठी एक लाख रुपये देण्याचं कबूल केलं. त्या काळातले एक लाख! १ एप्रिल १९१९ ला रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते काम सुरू झालं. नारायण बापूजी उत्गीकर यांनी विराटपर्वाची एक कच्ची आवृत्ती १९२३ मध्ये काढली आणि ती विद्वानांकडे मतं मागवायला पाठवली. हे मला फार आवडतं. आज आपण ज्याला पुल रिक्वेस्ट टाकून रिव्ह्यू मागणं म्हणतो, ते हेच. तयार झालंय असं म्हणायचं नाही, आधी चार जाणकारांना दाखवायचं.

पण प्रतिक्रिया आल्या आणि काम किती अवघड आहे तेही कळलं. १९२५ मध्ये सुकथनकर प्रमुख संपादक म्हणून आले तेव्हा त्यांच्या हातात पोथ्यांचा ढीग होता, माणसं होती, थोडे पैसे होते. नव्हती ती एक पक्की पद्धत, जी अठरा पर्वं आणि कितीतरी संपादक पुरून उरेल.

चौकटींचा कागद

आता इथे जरा थांबू, कारण खरी गंमत इथेच आहे.

फुलस्केप कागद घ्यायचा, त्यावर उभ्या-आडव्या रेघा मारून चौकटी करायच्या. सगळ्यात वरच्या ओळीत प्रचलित छापील महाभारतातला, म्हणजे नीलकंठाच्या टीकेसोबत चालत आलेल्या पाठातला, एक श्लोक अक्षर-अक्षर करून लिहायचा. मग खालची प्रत्येक आडवी ओळ एकेका पोथीला द्यायची. त्या पोथीत जिथे वेगळं अक्षर असेल, तिथे बरोबर त्या अक्षराच्या खालच्या चौकटीत फक्त तो फरक लिहायचा. कागदाच्या उजव्या बाजूला शेऱ्यांसाठी चार इंचांची रिकामी पट्टी. त्या पोथीत जास्तीचा श्लोक असेल, पान फाटलं असेल, ओळी मागेपुढे असतील, तर ते तिथे.

झालं. हा डिफ आहे. कॉम्प्युटरवरची डिफ नावाची कमांड बेल लॅब्समध्ये १९७० च्या दशकात आली. पुण्यातले शास्त्री त्याच्या अर्धशतक आधीपासून हे हाताने करत होते, आणि एका वेळी दोन प्रतींचं नाही, तर दहा-दहा, त्याहून जास्त प्रतींचं.

बेस कुठला घेतलाय त्याकडेही बघा. नीलकंठाचा पाठ वर लिहिला तो बरोबर आहे म्हणून नाही, तर तो सगळ्यांना उपलब्ध होता म्हणून. तुलनेला एक स्थिर खुंटी लागते. ती खुंटी खरी असलीच पाहिजे असं नाही, ती हलली नाही पाहिजे एवढंच. संशोधनाच्या ग्रुपमध्ये मी हे वारंवार सांगतो: मेन ब्रांच म्हणजे सत्य नव्हे, ती फक्त सगळ्यांनी मिळून मान्य केलेली खुंटी.

एक छोटी टीप इथेच देऊन ठेवतो. गिट डिफ ही कमांड साधारणपणे ओळीच्या हिशेबाने फरक दाखवते. कोडला ते ठीक आहे. पण तुमचा थीसिस किंवा पेपर असेल आणि एका परिच्छेदात एकच शब्द बदलला असेल, तरी अख्खा परिच्छेद लाल-हिरवा होतो. तेव्हा गिट डिफ लिहून पुढे दोन डॅश आणि वर्ड-डिफ टाका. मग नेमका शब्द दिसतो. सुकथनकरांच्या कागदावर फरक अक्षरापर्यंत दिसायचा, ते आपल्यापेक्षा एक पायरी पुढेच होते.

हे काम करणारी माणसं म्हणजे वेगवेगळ्या लिपी वाचणारे उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे शास्त्री, शिवाय विद्यापीठातून शिकून आलेले पदवीधर. सगळे पुण्यातही नव्हते. बंगाली पोथ्यांचं काम शांतिनिकेतनात विश्वभारतीत चालायचं, दक्षिणेच्या पोथ्यांचं एक केंद्र तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात होतं. तिथे भरलेले कागद पुण्याला यायचे. प्रत्येक केंद्राचा कागद तसाच, चौकटी तशाच, नियम तेच. फॉरमॅट एक नसता तर तंजावरचा कागद पुण्यात रद्दीच झाला असता.

एकट्या आदिपर्वाच्या २३५ पोथ्यांची नोंद सुकथनकरांकडे होती. त्यातल्या १०७ देवनागरी, ३२ बंगाली, ३१ ग्रंथ लिपीतल्या, २८ तेलुगू, २६ मल्याळम, ५ नेपाळी, ३ शारदा, आणि मैथिली, कन्नड, नंदिनागरी प्रत्येकी एक. पाठ ठरवण्यासाठी त्यांनी शेवटी वापरल्या ६०. बहुमताने निर्णय घ्यायचा असता तर देवनागरीच जिंकली असती. सुकथनकरांनी ते होऊ दिलं नाही.

१०७ विरुद्ध ३

का होऊ दिलं नाही? व्हॉट्सअॅपवर आलेला एक फॉरवर्ड १०७ जणांनी पाठवला म्हणून खरा होतो का? सगळ्यांनी तो एकाच ग्रुपमधून उचलला असेल तर ते १०७ साक्षीदार नाहीत, एकच आहे.

सुकथनकरांनी पोथ्या मोजल्या नाहीत, त्यांची घराणी लावली. उत्तरेची एक मोठी शाखा, दक्षिणेची एक. उत्तरेत काश्मीरकडची शारदा परंपरा वेगळी, मधल्या भागातली नेपाळी-मैथिली-बंगाली-देवनागरी वेगळी. दक्षिणेत तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. मग नियम असा: ज्या दोन शाखांचा एकमेकींशी संबंध आला असण्याची शक्यता कमी, त्या दोन्हींत एकच पाठ सापडला, तर तो फाटा फुटण्याच्या आधीचा असणार. काश्मीरच्या डोंगरातली भूर्जपत्राची पोथी आणि केरळातली ताडपत्राची पोथी जर एकच बोलत असतील, तर मधल्या शंभर पोथ्या वेगळं सांगत असल्या तरी कान द्यायचा तो या दोघींकडे.

देवनागरी पोथ्या त्यांना सगळ्यात कमी भरवशाच्या वाटल्या, आणि कारण साधं आहे. देवनागरी सगळीकडे चालायची. नक्कल करणाऱ्याकडे दोन-तीन प्रांतांच्या पोथ्या असायच्या, तो यातलं थोडं, त्यातलं थोडं घेऊन आपली पोथी भरगच्च करायचा. गिटमध्ये दुसऱ्या ब्रांचमधला एखादा कमिट उचलून आपल्याकडे लावायला चेरी-पिक म्हणतात. ही मंडळी पिढ्यान् पिढ्या चेरी-पिक करत होती आणि कुठून उचललं ते लिहून ठेवत नव्हती.

आपल्याकडे झाडीपट्टीत दंडार बघितली असेल तर हे पटकन समजेल. लाखांदूरकडची दंडार आणि साकोलीकडची दंडार, कथानक तेच, पण गाणी इकडची तिकडे झालेली असतात, कोणीतरी चालू नाटकातलं एखादं पद घुसवलेलं असतं. लोकांना आवडलं की ते राहतं. दंडारीत त्यात वाईट काही नाही, ती जिवंत आहे म्हणूनच बदलते. महाभारतही असंच वाढलं. सुकथनकरांना ही वाढ पुसायची नव्हती, कुठे काय वाढलं ते दाखवायचं होतं.

नकला करणाऱ्यांचा स्वभाव त्यांनी बरोबर ओळखला होता. कोणी मुद्दाम श्लोक गाळत नाही. धर्मग्रंथ आहे, आपल्या पोथीत कमी असू नये असंच वाटतं. म्हणून एखादा प्रसंग एका अख्ख्या स्वतंत्र शाखेत नसेल, तर तो गाळला गेला असण्यापेक्षा दुसरीकडे मागाहून आला असण्याचीच शक्यता जास्त. शब्दांच्या बाबतीत तसंच: एका पोथीत अवघड, जुनाट रूप आणि दुसरीत सोपं, तर अवघड जुनं. सोप्याचं अवघड कोण कशाला करेल?

तांत्रिक वाचकांसाठी एक फरक सांगतो, कारण इथे आपलं काम त्यांच्यापेक्षा फार सोपं आहे. गिट दोन ब्रांच मर्ज करतं तेव्हा ते दोघींचा समाईक पूर्वज शोधतं आणि तिन्ही समोर ठेवून ठरवतं. गिट मर्ज-बेस ही कमांड दिलीत तर तो पूर्वज कोणता तेही दिसतं. सुकथनकरांकडे पूर्वज नव्हता. फक्त फांद्यांची टोकं होती. टोकांवरून मागे मागे जात खोड कसं असेल ते ठरवायचं, हेच तर काम होतं.

पण वाढलेलं फेकायचं कुठे?

उत्तर: कुठेच नाही. आणि सुकथनकरांचा मोठेपणा मला या एका निर्णयात सगळ्यात जास्त दिसतो.

पहिला भाग १९२७ मध्ये छापून आला, आदिपर्व पूर्ण झालं १९३३ मध्ये. पान उघडलं की वर ठरवलेला पाठ. खाली बारीक टायपात प्रत्येक फरक, कोणत्या पोथीत आहे त्या खुणेसकट. प्रत्येक लिपीला एक अक्षर, प्रत्येक पोथीला आकडा. गिट ब्लेम चालवल्यावर प्रत्येक ओळीसमोर ती कोणाकडून आली ते दिसतं ना, तसंच. वगळलेल्या ओळी तारांकन करून तिथेच खाली, लांबलचक प्रसंग शेवटी परिशिष्टात. आणि वरच्या पाठातही जिथे खात्री कमी, त्या शब्दाखाली नागमोडी रेघ. म्हणजे संपादकाने स्वतःच सांगून टाकलं की इथे मी डगमगतोय, तुम्ही तपासा.

आता यात पणाला काय लागलं होतं ते बघा. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही गोष्ट कोणाला माहीत नाही? ती मूळ पाठातून निघाली आणि परिशिष्टात गेली, कारण काश्मिरी परंपरेतल्या जुन्या पोथ्यांमध्ये ती नाही. स्वयंवरात द्रौपदी कर्णाला सूत म्हणून नाकारते, ज्यावर आजही सोशल मीडियावर भांडणं होतात, तो श्लोकही तळटिपेत गेला. दक्षिणेच्या पोथ्यांना तो माहीतच नाही. पुढे अमेरिकेतल्या फ्रँकलिन एजर्टन यांनी याच पद्धतीने सभापर्व संपादित केलं, तेव्हा वस्त्रहरणातला कृष्णाचा धावाही वरच्या पाठात राहिला नाही.

श्रद्धेचा ग्रंथ, त्यातले लाडके प्रसंग, आणि त्यावर लाल रेघ मारणारी पुण्यातली संस्था. लोकांना खटकणारच. विद्वानांतही सगळे सोबत नव्हते. फ्रान्सचे सिल्व्हाँ लेवी, केवढा मोठा माणूस, त्यांचं मत पडलं की नवा पाठ घडवायच्या फंदात पडू नये, प्रचलित नीलकंठी पाठ तसाच छापावा आणि खाली पोथ्यांतले फरक द्यावेत. म्हणजे मर्ज करूच नका, नुसते डिफ प्रसिद्ध करा. सूचना वेडगळ नव्हती. सुकथनकरांनी ती नाकारली, पण नुसती बाजूला सारली नाही. आदिपर्वाच्या प्रस्तावनेत आपली बाजू सविस्तर मांडली. नीलकंठ सतराव्या शतकातला, त्याने स्वतःच अनेक पोथ्यांतून वेचून पाठ बनवलेला. त्याला पाया मानणं म्हणजे सगळ्यात उशिरा झालेल्या मर्जला मूळ मानणं. त्याच वेळी स्वतःच्या पाठाबद्दलही त्यांनी मोठा दावा केला नाही. हे व्यासांचं मूळ महाभारत आहे असं ते कधीच म्हणाले नाहीत. हाती असलेल्या पोथ्यांवरून जितकं मागे जाता येतं तितकं गेलो, एवढीच त्यांची भूमिका.

मला विचाराल तर लेवींचा मार्ग सुरक्षित होता आणि सुकथनकरांचा उपयोगी. सगळे फरक खाली छापलेले असल्यामुळे ज्याला त्यांचा निर्णय पटत नाही तो स्वतः दुसरा पाठ बनवू शकतो. सॉफ्टवेअरमध्ये याला रिव्हर्ट करता येणं म्हणतात.

मग एक परीक्षाच झाली. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडून आदिपर्वाची एक फार जुनी नेपाळी पोथी अभ्यासाला मिळाली. पाठ ठरवताना ती सुकथनकरांच्या हातात नव्हती. म्हणजे आपल्या भाषेत, मॉडेलने कधीच न पाहिलेला टेस्ट डेटा. त्यांनी ती आपल्या छापील पाठाशी ताडून पाहिली, आणि पोथ्यांत थेट आधार नसताना त्यांनी तर्काने सुचवलेल्या काही दुरुस्त्या तिथे जशाच्या तशा निघाल्या. यावर त्यांनी संस्थेच्या नियतकालिकात सविस्तर लेख लिहिला.

या धबडग्यात १९३६ मध्ये त्यांनी भृगुकुळावर एक दीर्घ निबंध लिहिला. महाभारतात भार्गवांच्या, म्हणजे परशुराम, च्यवन वगैरेंच्या कथा इतक्या का? मुख्य गोष्टीशी त्यांचा फारसा संबंध नसताना? पर्वापर्वांतून त्या वेचून त्यांनी दाखवलं की कुठल्यातरी टप्प्यावर हा ग्रंथ भृगूंच्या हातातून गेला असावा. लॉग नसताना केवळ मजकुरावरून कमिट करणाऱ्याचं नाव ओळखण्याचा प्रकार. सगळ्यांना तो निष्कर्ष पटला नाही, पण वाचायला जबरदस्त आहे.

पद्धत माणसाबाहेर काढणं

सॉफ्टवेअर टीममध्ये बस फॅक्टर नावाची एक जरा भयंकर कल्पना असते. टीममधल्या किती जणांना उद्या बसने उडवलं तर काम ठप्प होईल? आकडा एक असेल तर तुम्ही धोक्यात आहात.

सुकथनकर एकटे सगळं डोक्यात ठेवून बसले असते तर महाभारताचा बस फॅक्टर एक झाला असता. पण आदिपर्वाची ती प्रस्तावना म्हणजे पूर्ण मॅन्युअल होतं. पोथ्यांचं वर्णन, घराणी, पाठ निवडायचे नियम, अपवाद, खुणांचा अर्थ, सगळं. त्यावर हुकूम इतर संपादक कामाला लागले: रघुवीर यांचं विराटपर्व १९३६ मध्ये आलं, सुशीलकुमार डे यांचं उद्योगपर्व १९४० मध्ये. डेक्कन कॉलेजचे सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४१ मध्ये भारतीय पाठचिकित्सेवर इंग्रजीत एक छोटं पुस्तक काढलं, ते याच वातावरणातून आलं. आणि दामोदर धर्मानंद कोसंबी, जे व्यवसायाने गणिती, तेही सुकथनकरांच्या ओढीने या वाटेला लागले आणि १९४८ मध्ये भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी शेकडो पोथ्या पाहून सिद्ध केली. एका गणिताच्या माणसाने दुसऱ्याला दिलेली टीप, असं मी याकडे बघतो.

आपल्या भागात याहून जुनं एक उदाहरण आहे, जाता जाता सांगतो. चक्रधरस्वामींच्या शिष्यांत नीळभट्ट भांडारेकर होते, आपल्या भंडाऱ्याचे. चक्रधरांच्या मागे म्हाइंभटांनी अनुयायांना भेटून भेटून आठवणी गोळा केल्या आणि लीळाचरित्र तयार झालं. दोघांची आठवण जुळली नाही तर तिथे कोण काय सांगतो ते नावानिशी नोंदलेलं सापडतं. तेराव्या शतकात! मराठी गद्याची सुरुवातच ऑथर नेम लिहून झालेली आहे.

१९४२ मध्ये सुकथनकरांनी संपादित केलेलं आरण्यकपर्व पूर्ण झालं. जानेवारी १९४३ मध्ये संस्थेचा रौप्यमहोत्सव झाला. त्याच सुमारास मुंबई विद्यापीठाच्या वतीने महाभारताचा अर्थ या विषयावर ते चार व्याख्यानं देत होते. इतकी वर्षं अक्षरं मोजणारा माणूस आता पहिल्यांदाच ग्रंथ काय सांगतो यावर बोलत होता. तीन व्याख्यानं झाली. चौथं व्हायच्या आधी, २१ जानेवारी १९४३ ला ते अचानक गेले. वय ५५. व्याख्यानांचं पुस्तक १९५७ मध्ये निघालं.

काम थांबलं नाही. श्रीपाद कृष्ण बेलवलकर प्रमुख संपादक झाले, त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य. तोच चौकटींचा कागद, त्याच खुणा, तीच नागमोडी रेघ. एकूण १,२५९ पोथ्या पाहून झाल्या. २२ सप्टेंबर १९६६ ला राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत काम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. भांडारकरांच्या पहिल्या कागदापासून ४७ वर्षं.

त्यानंतर १९९० च्या दशकात जपानमधल्या क्योटोचे मुनेओ तोकुनागा यांनी हा ठरवलेला पाठ कॉम्प्युटरवर उतरवला आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो तपासून दुरुस्त केला. साध्या टेक्स्ट फाइल आहेत, पर्वानुसार वेगळ्या, फुकट मिळतात. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स टाकलंत, त्यात पीकेजी इन्स्टॉल गिट अशी कमांड दिलीत, की त्या फाइल फोनवरच ठेवून ग्रेप, डिफ, लॉग सगळं चालवून बघता येतं. कोडपेक्षा या फाइलवर सराव करायला जास्त मजा येते, कारण कुठला शब्द शोधायचा ते आपल्याला आधीच माहीत असतं. आदिपर्वाच्या फाइलमध्ये गणपतीने लेखणी हातात घेतल्याचा प्रसंग शोधा. सापडणार नाही. तो छापील ग्रंथात सापडतो, अगदी शेवटी, परिशिष्टात, पोथ्यांच्या खुणांसकट.